दादाचं पोकर आणि वहिनीचे गुडघे

सुकेळ्यांचे दिवस आले की मला राग येतो. उमेळ्यातल्या माझ्या माहेरच्या माणसांना हे वाचून नवल वाटेल, कारण लहानपणी याच दिवसांची मी सगळ्यात जास्त वाट बघायचे. फेब्रुवारी सरत आला की आमच्या वाडीत राजेळी केळ्यांचे घड उबेला घालून पिकवायचे, साल काळी पडली की सोलायचे आणि मांडवावर उन्हात ओळीनं मांडायचे. संध्याकाळी गोळा करून गुंडाळून ठेवायचे, सकाळी पुन्हा मांडायचे. असं आठवडाभर केलं की केळं आकसतं, मधाच्या रंगाचं होतं आणि सगळ्या वाडीला तो जड, गोड, थोडासा आंबूस वास चढतो. आई आगाशीकडची, ही विद्या तिनं माहेराहून आणली. आई गेली, आजूबाजूच्या वाड्यांत इमारती उभ्या राहिल्या, पण पास्कूदादानं आणि फिलोमावहिनीनं हे काम सोडलं नाही.

गेल्या रविवारी मी माणिकपूरहून रिक्षा करून तिकडे गेले. वहिनी मांडवाखाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसून केळी सोलत होती. पूर्वी ती फतकल मारून बसायची, मांडीवर परात घ्यायची. आता गुडघे वाकत नाहीत. घड जमिनीवर, ती स्टुलावर, त्यामुळे प्रत्येक केळ्यासाठी कमरेतून वाकायचं आणि कण्हायचं. कण्हलेलं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती लगेच खोकते. मी शेजारी बसले आणि हातात एक केळं घेतलं. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला आणि मी तो बघितला. आलेली गोष्ट कामाची नव्हती. एक हसरा, दात पांढरेशुभ्र असलेला तरुण मला सांगत होता, ऑनलाइन पोकर खेळताना नवशिके कोणत्या दहा चुका करतात.

दोन वर्षांपूर्वी मी हा विषय फोनवर शोधला होता, तेव्हापासून फोन मला सोडत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर गेल्या वर्षी कायद्यानं बंदी आली, दादाच्या फोनवर जे ॲप होतं ते गाशा गुंडाळून गेलं, पण उपदेश करणारे आहेत तिथंच आहेत. नवशिके फार डाव खेळतात. नवशिके हरलेलं परत मिळवायला जातात. नवशिक्यांना कधी उठावं ते कळत नाही. असं हसत हसत सांगतात, जणू कुणी चहात साखर जास्त घातली. त्या सगळ्या चुका मला पाठ आहेत. मी गणिताची शिक्षिका आहे, अकरावी-बारावीला संभाव्यता शिकवते, आणि माझ्या सख्ख्या भावाचे डाव मी एकेक करून तपासलेले आहेत.

आमच्या घरी पत्त्यांचा नेम होता. रविवारी दुपारी जेवणं झाली की मेंढीकोट. दादा आणि मी एका बाजूला, वहिनी आणि माझा नवरा ग्रेगरी दुसऱ्या बाजूला. पैसे कधी लावले नाहीत. हरणाऱ्यांनी चहा करायचा, एवढंच. हा खेळ वर्षभर चालायचा, फक्त ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस बंद. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमधून कपाळावर राख लावून घरी आलं की आई पत्त्यांचा जोड रुमालात बांधायची आणि कपाटावर टाकायची. कुणी मटण सोडतं, कुणी दारू सोडतं, आमच्या घरानं पत्ते सोडायचे. आईच्या मागं वहिनीनं तो रुमाल बांधायला घेतला.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारी दादा कपाटाकडे बघत उगाच घुटमळत होता. तो नुकताच निवृत्त झाला होता, औषधाच्या कंपनीत छत्तीस वर्षं पॅकिंगमध्ये काढून. दिवस खायला उठायचा. वहिनी आत गेल्यावर मी त्याची चेष्टा केली. म्हटलं, "कागदाचे पत्ते बांधलेत ना, फोनवरचे कुणी बांधलेत?" दादा म्हणाला, "ते चालतं?" मी म्हटलं, "देव काय फोन तपासतो की काय?" आणि मीच त्याच्या फोनवर ते ॲप घातलं. आमच्या स्टाफरूममधली दोघंतिघं तेव्हा ते खेळायची, मीही चार-सहा वेळा फुकटात खेळून बघितलं होतं. कसं खेळायचं ते मी त्याला पाच मिनिटांत शिकवलं. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मधे पाच पानं उघडी, आपल्या दोन आणि मधल्या पाचांतून पाच चांगली जमवायची. दर फेरीला पैसे लावून राहायचं नाहीतर पानं टाकून बाहेर पडायचं. दादाला गंमत वाटली. खात्याला बँक जोडायची कशी, तेही मीच दाखवलं.

हे मी आज लिहिते आहे. दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या तरुणाच्या यादीत पहिली चूक असते ती फार डाव खेळण्याची. शहाणा खेळाडू म्हणे बहुतेक डावांत सुरुवातीलाच पानं टाकून देतो आणि गप्प बसून राहतो. आता दादाचं बघा. मेंढीकोटात तेरा पानं वाटली की तेराही खेळावी लागतात. पानं कशीही येवोत, टाकून द्यायची सोय नाही. वाईट पानं आली म्हणून तोंड वाकडं केलं तर आई म्हणायची, हातात आलंय ते खेळ. पन्नास वर्षं हेच अंगात मुरलेला माणूस दोन पानं बघून ती टाकणार कशी? दुर्री आणि सत्ती घेऊन तो शेवटपर्यंत बसायचा. डाव टाकणं त्याला अंगचोरपणा वाटायचा. मी त्याला पाच मिनिटांत सगळं शिकवलं, पानं टाकायची असतात हे मात्र सांगितलं नाही, कारण तो ती टाकणार नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसरं म्हणजे बघायची हौस. आमच्याकडे डाव संपला की सगळी पानं उघडी टाकून चर्चा व्हायची. तू राणी का धरून ठेवलीस, हुकूम आधीच का काढला नाहीस. चहा होईपर्यंत ही भांडणं. पोकरात तुम्ही बाहेर पडलात की समोरच्याच्या हातात काय होतं ते कधीच कळत नाही. दादाला ते सहन व्हायचं नाही. समोरच्यानं मोठी रक्कम लावली की त्याला वाटायचं, हा फेकतोय. ग्रेगरी अशीच फेकाफेकी करतो ना. मग बघण्यासाठी तो तेवढीच रक्कम लावायचा. ग्रेगरीचा चेहरा वाचता येतो, कान लाल होतात त्याचे. फोनवर कान कुठले? तिथं एक गोल चित्र होतं आणि खाली कसलं तरी नाव. दादा त्या नावांना डाव सुरू होताना नमस्कार लिहायचा. कुणी उत्तर दिलं नाही तर म्हणायचा, कामात असेल.

आणि ही वाडी, हे ऊन, हे केळं. दादा खेळायचा दुपारी, मांडवापाशी, केळी पालटून झाली की. पडद्यावर ऊन पडून निम्मं दिसायचं नाही. बोटं चिकट. केळ्याचा तो चीक लुंगीला कितीही पुसला तरी जात नाही. ॲपवर प्रत्येकाला विचार करायला काही सेकंद मिळतात. दादा आधीच सावकाश माणूस, त्यात चिकट बोटानं बटण दाबलं जायचं नाही, नाहीतर भलतंच दाबलं जायचं. एकदा त्याच्याकडे दोन एक्के आले होते आणि वेळ संपला म्हणून ॲपनं परस्पर त्याची पानं टाकून दिली. हे मला नंतर दिसलं, जुने डाव उघडून बघताना. त्या रात्री मला झोप आली नाही. एवढी चांगली पानं सव्वादोनशे डावांत कुठं एकदा येतात, आणि ती अशी गेली.

पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते जिंकण्यावरून. दादा सुरुवातीला जिंकला. लहान टेबलांवर, थोड्याच पैशांत, पण जिंकला. यादीवाला तो तरुण म्हणतो, नवशिक्यानं आधीच ठरवावं किती जिंकल्यावर उठायचं. आमच्या घराची रीत अशी की जिंकणाऱ्यानं आधी उठायचं नाही. हरणारा म्हणेल तेव्हाच डाव मोडायचा. जिंकून उठणारा माणूस हलका, असं आमच्याकडे समजतात. एका लग्नात आमचा एक चुलतभाऊ तीन डाव जिंकून जेवायला निघून गेला होता, त्याची गोष्ट अजून सांगतात. दादा पुढे असताना कधी उठलाच नाही. समोर मुंबई-दिल्लीचे, कुठले कुठले अनोळखी लोक, त्यांना परत मिळवायची संधी द्यायला हा बसून राहायचा. त्यांनी ती घेतली. भलेपणाचा असा फायदा घेणारा खेळ मी दुसरा बघितला नाही, आणि त्याला चूक म्हणणाऱ्या माणसाचे दात पाडावेसे वाटतात.

मग तो मोठ्या टेबलावर गेला. शाळेत पास झाल्यावर वरच्या वर्गात जातात तसा. तिथं पटापट हरला. हरल्यावर चिडला आणि चिडून खेळला. दादा चिडलेला मी कधी बघितला नव्हता, पण डावांच्या वेळा बघितल्या की कळतं. एक संपतो न संपतो तोच दुसरा. आणि खेळणं एक दिवस जरी थांबलं तरी ॲपचा निरोप यायचा, मराठीत, अगदी घरच्यासारखा. पास्कू, तुमची आठवण येते आहे. पास्कू, तुमच्यासाठी खास भेट. निवृत्तीनंतर त्याची आठवण काढणारं दुसरं कोण होतं? मी रविवारी जायचे आणि पत्ते बंद म्हणून तासाभरात परत फिरायचे. त्या चाळीस दिवसांत मी एकदाच विचारलं होतं, "कसं चाललंय रे पोकर?" तो म्हणाला, "बरंय. शिकतोय." मी म्हटलं, "हिशेब डोक्यात ठेव, सगळं संभाव्यतेवर असतं," आणि माझ्या हुशारीवर खूश होऊन रिक्षात बसले.

शुक्रवारी तो चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला यायचा. मटण त्यानं चाळीस दिवस तोंडात घातलं नाही. पत्त्यांच्या रुमालाला हात लावला नाही. आपण नेम मोडतोय असं त्याला एकदाही वाटलं नसणार, कारण गणित शिकवणाऱ्या बहिणीनं चालतं म्हणून सांगितलं होतं.

वहिनीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ईस्टरनंतर ठरलं होतं. डॉक्टरांनी तारीख दिली होती. त्यांना मूलबाळ नाही, दादाच्या निवृत्तीच्या पैशातला एक भाग त्यासाठी बाजूला ठेवला होता. ईस्टरच्या आधल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, दादा म्हणाला, पावसाळ्यानंतर करू. वहिनीला काही कळेना. ती सोमवारी माझ्याकडे माणिकपूरला आली आणि आम्ही दोघी बँकेत पासबुक भरायला गेलो. ते मशीन कर्र कर्र करत पान छापतं, पान संपलं की पुढचं मागतं. त्या दिवशी ते मागतच राहिलं. वहिनीनं पासबुक माझ्या हातात दिलं.

"बाय, तुझा गनित चांगला. वाच, काय लिवलंय?"

ओळीमागून ओळ एकच नाव होतं. त्या ॲपचं. मी ते नाव ओळखलं आणि वाचताना थांबले. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "काहीतरी फोनवरचा खेळ दिसतोय, वहिनी. दादाला विचार." माझा आवाज अगदी वर्गातला होता, स्वच्छ आणि कोरडा. आपल्याच हातानं घातलेल्या गोष्टीकडे बोट दाखवून मी तिला दादाकडे पाठवलं.

दादानं सगळं कबूल केलं. किती, कधी, कसं. कुणी शिकवलं असं वहिनीनं माझ्यासमोर विचारलं तेव्हा म्हणाला, मीच शिकलो. त्या ईस्टरला पत्त्यांचा रुमाल सुटला नाही, पुढच्याही सुटला नाही. दादाकडे आता बटणांचा साधा फोन आहे. पासबुक वहिनीकडे. केस कापायला जायचं तरी तो तिच्यापुढे हात पसरतो आणि ती मोजून देते. गावात कळलंच. चर्चबाहेर माणसं त्याला विचारतात, काय पास्कू, आज डाव नाही? तो हसतो. मी शेजारी उभी असते.

मी काय केलं? मी रागावले. त्या ॲपवर रागावले, जाहिराती करणाऱ्यांवर रागावले, इतक्या उशिरा जाग आलेल्या सरकारवर रागावले. दादावर तर फारच. त्याचे डाव उघडून मी तपासले, उत्तरपत्रिका तपासावी तसे, आणि प्रत्येक डावाला म्हटलं, हे कसं कळलं नाही तुला. माझा तो राग खरा होता. पण त्याचा मला उपयोगही फार झाला. तो चालू असेपर्यंत माझ्याकडे बघायची कुणाला गरज पडत नव्हती. ऑपरेशनचे पैसे मी देते असं वहिनीला चारदा म्हटलं. चारही वेळा ती म्हणाली, "ज्यानं घालवले त्यानं आनायचे." मी आतून सुटल्यासारखी घरी यायचे आणि मग चर्चमध्ये ती गुडघे टेकू न शकता बाकावर बसून राहिलेली दिसायची.

तर गेल्या रविवारी. फोनवर तो तरुण आपल्या दहा चुका सांगत होता, शेजारी वहिनी कण्हत आणि खोकत होती. मी फोन बंद केला. अमुक ठरवून गेले होते असं नाही. पण दहावी चूक ऐकता ऐकता मला त्या माणसाचा इतका संताप आला, की दादाच्या इतक्या चुका ह्याला माहीत आणि माझी एकही नाही, आणि तो संताप कुठं न्यायचा ते कळेना.

"वहिनी," मी म्हटलं, "दादाच्या फोनवर ते मी घातलं होतं. राखेच्या बुधवारी. खेळायलाही मीच शिकवलं."

तिनं हातातलं केळं सोलून पुरं केलं, परातीत ठेवलं.

"मना ठाऊक हाय."

"दादानं सांगितलं?"

"तो कशाला सांगंल? त्या मशिनीपाशी वाचताना तू थांबलीस, तवाच कळला." मग तिनं बोटं फडक्याला पुसली. "घरी येऊन मी त्याला बोलले, तुझ्या बहिनीचा काम हाय हा. तर बोलला, तू काय बोलू नको. ती सांगंल. सेलीन खोटा करनार नाय, ती आज ना उद्या येऊन सांगंल. दोन वर्सं हाच ऐकतंय मी. दर रविवारी तू येऊन गेलीस का तो माझ्या तोंडाकडं बघतो."

माझ्या हातातलं केळं तसंच राहिलं होतं. उन्हानं मऊ होऊन ते बोटांत दबलं.

"वहिनी, ऑपरेशन..."

"आता दे," ती म्हणाली. "आता घेईन मी. चार वेळा इचारलंस तवा काय म्हनून घेतले असते? दया म्हनून?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "जा. तो विहिरीवर हाय. त्याला तुझ्या तोंडानं सांग."

दादा पंप बंद करून पाइप गुंडाळत होता. मी काही बोलायच्या आधी त्यानं माझं तोंड बघितलं आणि पाइप खाली ठेवला.

"सांगितलंस तिला?"

मी म्हटलं, हो.

दादानं ओले हात लुंगीला पुसले. मला वाटलं तो म्हणेल, असू दे. आयुष्यभर तो मला हेच म्हणत आला आहे, वही फाडली तरी, सायकल पाडली तरी. मी त्याचीच वाट बघत होते, तेवढ्यासाठीच आले होते म्हणा ना.

"मग इतके दिवस काय करत होतीस?" तो ओरडला. "लोक मला चर्चच्या दारात हसतात, तू बाजूला उभी असतेस. माझी बायको मला पैसे मोजून देते, तू चहा पीत बसतेस. मी चुकलो. मी भोगतोय. तू काय करत होतीस?"

लहानपणापासून दादा माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता. त्या दुपारी तो विहिरीच्या काठावर उभा राहून पोटभर ओरडला. वहिनी काठी टेकत टेकत मांडवाखालून आली, तरी थांबला नाही. तीही त्याला थांब म्हणाली नाही. मला वर्गात कुणी उलट बोललं तर मी त्याला बाहेर काढते. तिथं मी मान खाली घालून उभी राहिले आणि त्याचं सगळं बोलून होईपर्यंत एक शब्दही मधे टाकला नाही.